बैलाची चाल वाचायची कशी

हाळी-हंडरगुळीचा बाजार असो की माळेगावची यात्रा, बैल बघायला आलेला माणूस आधी दात बघतो, मग शिंगं, वशिंड, खांदा, शेपटीचा गोंडा. चाल सगळ्यात शेवटी, आणि तीही हेडी (गुरांचा दलाल) कासरा आवळून दहा-पंधरा पावलं पळवून दाखवतो तेवढीच. देवणी असो की लाल कंधारी, बैल पुढची आठ-दहा वर्षं कामाला येणार तो पायांच्या जोरावर. म्हणून चालीला किमान अर्धा तास द्यावा.

चाल वाचणं अवघड नाही. फक्त नजर पायावरून काढून मान, पुठ्ठा आणि पाठीच्या कण्यावर ठेवायची सवय लावावी लागते. दुखणं पायात असतं, पण ते दिसतं वर. असं का होतं, हे आधी स्वतःच्या अंगावर बघून घ्या.

चपलेत टाचेखाली हरभऱ्याएवढा खडा ठेवा आणि फरशीवर पन्नास पावलं चाला. निरोगी माणूस सहज चालतो तेव्हा प्रत्येक पाय एका फेऱ्यातला साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. खडा टोचायला लागला की हा हिशेब लगेच बिघडतो. दुखरा पाय जमिनीवर कमी वेळ टिकतो, चांगला पाय घाईघाईने पुढे येऊन टेकतो, त्यामुळे त्याचं पाऊल आखूड पडतं. पावलांचा आवाज ‘टक… टक… टक’ असा सारखा न राहता ‘टक-टक… टक-टक’ असा जोडीजोडीने यायला लागतो. आणि तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसताना छाती आणि डोकं डोलायला लागतं. लंगडणं म्हणजे नेमकं हेच: दुखऱ्या पायावरचं वजन आणि वेळ कमी करण्यासाठी बाकीच्या शरीराने केलेली धडपड. बैलही हेच करतो, फक्त त्याच्याकडे चार पाय आणि एक लांब, जड मान आहे.

धड चाल कशी असते

चालताना टेकलेला पाय काठीसारखा ताठ राहतो आणि अंग त्याच्यावरून कमानीत पुढे जातं. वर चढताना वेग थोडा कमी होतो, खाली उतरताना तोच वेग परत मिळतो. उलट्या टांगलेल्या लंबकासारखा हा खेळ आहे. माणसाच्या सहज चालीत अशी साठ टक्क्यांहून जास्त शक्ती परत वापरली जाते, म्हणूनच पंढरीची वाट दिवसभर चालता येते. पळताना गणित वेगळं होतं. तेव्हा पाय स्प्रिंगसारखा दबतो आणि शिरा-स्नायूबंध ताणले जाऊन परत उसळतात. पाय जमिनीवर फार थोडा वेळ असतो, म्हणून तेवढ्या वेळात त्याला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर झेलावा लागतो. शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत) पळणाऱ्या बैलाचा पाय चालताना धड दिसला तरी पळताना जातो, त्याचं कारण हे.

चालणाऱ्या बैलाचे पाय ठरलेल्या क्रमाने पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. कुठल्याही क्षणी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात. पत्री (खुराला ठोकतात ती लोखंडी नाल) मारलेला बैल डांबरी रस्त्यावर चालवा आणि डोळे मिटून ऐका. चार ठोके सारख्या अंतराने आले पाहिजेत. एक ठोका हलका आणि त्याच्या मागचा लवकर आला, तर हलका वाजलेला पाय संशयाचा. हा कान तयार झाला की दावणीत बसल्या बसल्या, गाडी वेशीतून आत येतानाच कळतं.

आणखी एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. बैलाच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट आहे. मागच्या पायाचा मागे टोक आलेला सांधा ही त्याची टाच आहे. खरा गुडघा, वाटीसकट, वर पोटाच्या कडेला मांडीत असतो. बैल मागच्या ‘गुडघ्यात’ लंगडतो असं कोणी म्हटलं तर बोट कुठे ठेवतो ते बघा.

पुढच्या आणि मागच्या पायांचं कामही सारखं नाही. उभ्या बैलाचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं आणि चालताना पुढचे पाय जास्त करून वेग आवरतात. ढकलण्याचं काम मुख्यतः मागच्या पायांचं. यातून फुकटची परीक्षा मिळते. पुढच्या पायाचं दुखणं उतारावर उघडं पडतं, मागच्या पायाचं चढावर आणि ओढ लागल्यावर. बालाघाटाच्या डोंगराशेजारच्या गावांत ही सोय घराबाहेरच आहे. सपाट भागात तलावाचा किंवा कालव्याचा भराव चालतो.

पट्टा आणि मोबाइल

सपाट, कडक, वीस मीटर लांबीची जागा निवडा. खळं, शाळेचं मैदान किंवा सिमेंटचा रस्ता. सकाळी बैल गोठ्यातून सोडला की लगेच बघायचं, फिरवून आणल्यावर नाही. रात्रभर उभा-बसून आखडलेला पाय पहिल्या दहा पावलांत खरं बोलतो. दहा मिनिटं चालला की बरंच दुखणं ‘मोकळं’ होतं आणि लपतं.

कासरा सैल हवा, किमान दीड-दोन फूट लोंबता. ही अट मोडली तर बाकी सगळं फुकट आहे, कारण आवळलेल्या कासऱ्याने मान बांधली जाते आणि मानेचा झोकाच दिसत नाही. धरणाऱ्याने खांद्याच्या बरोबरीने चालावं, बैलाला ओढू नये, बैलाने स्वतःचा वेग घ्यावा.

पुठ्ठ्याच्या दोन्ही हाडांवर, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या टोकांवर, चुन्याचा रुपयाएवढा ठिपका द्या. पांढऱ्या बालंक्या देवणीवर चुना दिसत नाही, तिथे पोळ्याचा उरलेला गेरू घ्या. तिसरा ठिपका दोन शिंगांच्या मध्ये.

मोबाइल बैलाच्या पोटाच्या उंचीवर, सात-आठ मीटर लांब, आडवा आणि स्थिर ठेवा. बैलाबरोबर फिरवू नका. दगडांवर किंवा सायकलच्या कॅरिअरवर टेकवला तरी चालतं. बाजूने तीन फेऱ्या, मागून दोन, समोरून दोन. स्लो मोशन असेल तर तेच वापरा. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रं येतात. बैलाचं एक पूर्ण पाऊल, म्हणजे तोच खूर पुन्हा टेकेपर्यंत, सहज चालीत सव्वा सेकंदाच्या आसपास घेतं. त्यातला खूर जमिनीवर असतो तो काळ साधारण २३-२४ चित्रांचा. एक-दोन चित्रांचा फरक मोजणीचीच चूक असू शकतो. १२० च्या स्लो मोशनमध्ये तोच काळ ९०-९५ चित्रांचा होतो आणि डाव्या-उजव्यात आठ-दहा चित्रांचा फरक पडला तर तो खरा असतो. डोळ्याला हे दिसत नाही, यात आपली काही चूक नाही. घोडा पळताना चारही पाय एकदम उचलतो का, हा वादही अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने १२ कॅमेरे लावून सोडवला. पाय उचलतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधी चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले काढत. आज ते काम खिशातला मोबाइल करतो.

आता वाचा

पहिल्यांदा पाठ. बाजूने बघा: निरोगी बैलाची पाठ उभा असतानाही सपाट आणि चालतानाही सपाट. उभा असताना सपाट पण चालताना कमानीसारखी वर येत असेल, तर दुखणं सुरू झालंय, मानेचा झोका दिसत नसला तरी. उभ्यानेही पाठ वाकलेली आणि पावलं आखूड, तर दुखणं चांगलंच मुरलंय. माझ्या मते सगळ्या खुणांत ही सर्वात विश्वासाची, कारण हेड्याला ती लपवता येत नाही.

मग मान. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकायच्या बेताला बैल मान वर उचलतो, वजन मागे सरकवतो, आणि चांगला पाय टेकला की मान खाली पडते. ‘मान पडली तो पाय धड’ एवढं लक्षात ठेवा. नवखा माणूस नेमकं उलटं वाचतो. मान खाली गेली तेव्हा टेकलेल्या पायावर बोट ठेवतो आणि नालबंद धडधाकट खूर खरडत बसतो.

दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर मान झुलणारच नाही. तेव्हा काट्यांवरून चालल्यासारखी आखूड, दबकी पावलं दिसतील. दोन्हीकडे सारखंच दुखत असल्याने ताल बिघडत नाही, म्हणून असा बैल ‘शांत चालीचा’ म्हणून विकला जातो.

मागच्या पायासाठी मागे उभे राहा आणि चुन्याचे दोन ठिपके बघा. चालताना दोन्ही ठिपके आळीपाळीने सारखेच वर-खाली व्हायला हवेत. ज्या बाजूचा ठिपका जास्त हलतो, झटक्याने वर जातो, त्या बाजूचा पाय दुखरा. त्याच वेळी बाजूच्या चित्रणात दिसेल की तो पाय टेकताना बैल मान खाली घालतो, कारण वजन पुढे ढकलायचं असतं. म्हणजे मानेची खूण पुढच्या आणि मागच्या पायाला उलटी आहे. त्यातही दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय एकदम टेकतात, त्यामुळे मागचा डावा दुखत असला तरी मान बघून पुढचा डावा दुखतोय असं वाटतं. म्हणून मान बघून निकाल देण्याआधी पुठ्ठा बघायचाच.

उभं राहणंही वाचता येतं. पुढचे पाय कैचीसारखे एकमेकांवरून घेऊन उभा राहणारा बैल आतल्या नखीचं (खुराच्या दोन भागांपैकी आतल्या भागाचं) दुखणं सांगतो. आतल्या नखीवरचं वजन काढायला तो तसं करतो. मागचे पाय बाहेर फाकवून, टाचा आत वळवून उभा असेल तर बाहेरच्या नख्या तपासा. मागच्या पायात बाहेरची नखी आणि पुढच्यात आतली नखी जास्त भार घेते, त्यामुळे पहिली खराबी बहुधा तिथेच.

मातीवरचे माग

मोबाइल नसेल तर माती आहे. दहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद पट्टा फळीने सपाट करा. काळी माती ओली असेल तर खुराला चिकटून माग बिघडतो, म्हणून वर बोटभर चाळलेला कोरडा फुफाटा पसरा. बैल दोनदा चालवा, दुसऱ्या फेरीचे माग मोजा.

मागचा खूर त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या मागावर किंवा अगदी जवळ पडायला हवा. डावीकडे तो मागावर पडतो आणि उजवीकडे दर वेळी चार बोटं मागे राहतो, तर उजव्या बाजूला काहीतरी आहे. एका मागावरून ठरवू नका. प्रत्येक बाजूचे चार माग मोजून सरासरी काढा. दोन्ही बाजूंना सारखंच मागे पडत असेल तर बहुधा बैल नुसता हळू चालतोय, किंवा दोन्हीकडे दुखतंय. थोड्या जास्त वेगाने पुन्हा चालवा. मागाचा आकारही बघा. पुढचं टोक खोल आणि टाच जेमतेम उमटलेली, तर बैल टाच वाचवतोय. टोकापुढे मातीत रेघ ओढलेली असेल तर पाय पुरेसा उचलला जात नाही.

बाजारात काय लपवतात

बैल आधीच पळवून, गरम करून दाखवला जातो. मऊ, गवताळ जागेत चालवला जातो. कासरा वर धरला जातो. काही वेळा वेदना मारणारं इंजेक्शन दिलेलं असतं आणि त्याचा असर दिवसभर टिकू शकतो. पहिल्या तिन्हींवर उपाय सोपा आहे: बैल अर्धा तास बांधून उभा करायला लावा, मग कडक जमिनीवर, सैल कासऱ्यावर चालवा. त्यानंतर नांगरलेल्या मऊ जागेत. कडक जमिनीवर जास्त लंगडला तर खूर, मऊ जमिनीवर जास्त लंगडला तर शिरा किंवा वरचे सांधे. दोन्हीकडे लहान गोलात डावीकडून आणि उजवीकडून फिरवा. खुराचं दुखणं वळणात बहुधा तो पाय आतल्या बाजूला आला की वाढतं. इंजेक्शनवर इलाज एकच: जुंपून बघण्याची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघण्याची बोली सौद्यातच ठेवा.

पाय सापडला, जागा शोधा

खालून सुरुवात करा. लंगडण्याची बहुतेक कारणं खुरात असतात आणि लोक उगाच फऱ्यावर, खांद्यावर तेल चोळत बसतात. खूर धुवा. हाताची मागची बाजू आधी चांगल्या खुराला, मग दुखऱ्या खुराला लावा. गरमपणा असा चटकन कळतो. दोन नख्यांमधल्या बेचक्यात बोट फिरवा: बाभळीचा काटा, खडा, कुजकी वासाची जखम. तळ अंगठ्याने दाबा, दबला तर तो पातळ झालाय. मग मोठ्या पक्कडीत नखी थोडी थोडी चारी बाजूंनी दाबत जा. जिथे पाय झटकतो ती जागा.

पत्री मारल्यावर दोन-चार दिवसांत लंगडला तर दुसरं काही शोधू नका. एखादा खिळा आत जिवंत भागाजवळ गेलाय. नालबंदाला बोलवून खिळे एकेक काढा आणि प्रत्येक खिळा वास घेऊन, ओला आहे का ते बघा. ओला निघाला की धनुर्वाताची लस आणि पू काढणं डॉक्टरकडे. बैलाच्या खुराच्या दोन नख्या चालताना वेगवेगळ्या हलतात, म्हणून प्रत्येक नखीला वेगळी पत्री, एका बैलाला आठ. दोन्ही नख्या मिळून एकच पट्टी ठोकली तर ही हालचालच बंद होते.

बीड भागातले बैल ऊसतोडीला सहा महिने डांबरावर टायरगाडी ओढतात. तिथे पत्री झिजून खिळ्याचं डोकं वर येतं, त्यावर बैल दिवसभर चालतो. रोज संध्याकाळी गाडी सोडल्यावर आठही पत्र्यांवरून हात फिरवायला पाच मिनिटं पुरतात. ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियमही माहीत असू द्या: दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त, सलग ५ तासांपेक्षा जास्त आणि तापमान ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ काम घेता येत नाही. मराठवाड्यात मार्चनंतर हा शेवटचा नियम जवळजवळ रोजचाच.

काही लंगडणी खुराची नसतात. मागचा पाय मागेच ताठ राहतो, टोक घासत येतं आणि मग झटक्याने सुटतो, विशेषतः सकाळी उठल्यावर: ही मांडीतली वाटी वर अडकण्याची खूण, पशुवैद्यक एक छोटी शस्त्रक्रिया करून सोडवतात. ताप आहे आणि आज हा पाय, उद्या तो पाय लंगडतो, तर तिवा (तीन दिवसांचा ताप). तोंडातून लाळ आणि बेचक्यात फोड, तर लाळ-खुरकूत. लगेच बाकीच्या जनावरांपासून वेगळा बांधा. आणि पावसाळ्यात तरणा, अंगाने भरलेला खोंड एकाएकी लंगडला, ताप आहे, मांडीला किंवा फऱ्याला सूज आणि दाबल्यावर चरचर आवाज येतो, तर तो फऱ्या रोग आहे. त्यात चाल वाचत बसू नका. तासांचा प्रश्न असतो, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड केस तिथे नेता येते. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक देऊ नका. अशा मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. पर्यायी औषध डॉक्टरच ठरवतील.

जोड लावताना

लंबकाचा नियम जोडीलाही लागू पडतो. लांब पायाच्या जनावराचा सोयीचा वेग पायाच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. कोपरापासून जमिनीपर्यंत एका बैलाचा पाय दुसऱ्यापेक्षा १० टक्के लांब असेल तर त्याचा सहज वेग साधारण ५ टक्के जास्त. ताशी सव्वाचार किलोमीटर चालणाऱ्या जोडीत हा फरक तासाला दोनशे मीटरचा. दोघं एकाच जूखाली असल्याने तो फरक प्रत्यक्षात एकाच्या मानेवर आणि दुसऱ्याच्या पायावर पडतो: उंच बैल सतत आवरून धरलेला, बुटका सतत घाईत, जू तिरपं आणि खांदेसूज ठरलेली. म्हणून वशिंडाच्या उंचीवर न जाता कोपरापासूनची उंची टेपने मोजा.

पुन्हा जुंपायचा कधी

उपचारानंतर त्याच पट्ट्यावर, त्याच वेळी, तसंच चित्रण करा आणि जुन्याशेजारी लावून बघा. मान सरळ, पाठ सपाट आणि दोन्ही बाजूंच्या चित्रांची मोजणी जवळपास सारखी आली, तर पहिल्या दिवशी रिकामी गाडी, मऊ वाटेने एक किलोमीटर. ओढ बैलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा. जुंपताना तो पूर्वी ज्या बाजूला चालत होता त्याच बाजूला जुंपा, नाहीतर नवीन बाजूची अडखळ आणि जुनं लंगडणं यांत फरक कळणार नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे दावं सोडा आणि पहिली दहा पावलं बघा. त्यात मान हलली, तर आणखी आठवडाभर गोठ्यात.